ठरावीक काळ

डिसेंबर जवळ आला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्यांवर डांबर पडतं, आमदार निवासाला रंग लागतो, मुंबईहून फायलींचे ट्रक येतात. आठ-दहा दिवसांत तेच ट्रक भरून परत जातात. आणि दरवर्षी कोणीतरी ठासून सांगतं की नागपूर कराराप्रमाणे अधिवेशन घेतलं, शब्द पाळला.

शब्द पाळला हे खरं आहे. पण मला तेवढं पुरत नाही.

२८ सप्टेंबर १९५३ ला विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांत एकत्र मराठी राज्यासाठी हा करार झाला. तेव्हा मराठी माणूस तीन राज्यांत विखुरलेला होता आणि नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. एकत्र मराठी राज्यात यायचं म्हणजे नागपूरने राजधानीपण सोडायचं, हे सही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच राजधानीमुळे इथल्या लोकांना जे फायदे मिळतात ते शक्य तितके टिकवू, असं करारात आलं. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत आणि शिक्षणात प्रमाणात वाटा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, उच्च न्यायालयाचं खंडपीठ. आणि सरकार दरवर्षी ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल, विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे होईल.

हे वाक्य नीट वाचा. त्यात दोन गोष्टी आहेत. अधिवेशन ही दुसरी. पहिली आहे सरकारने हलायचं. ‘ठरावीक काळ’ म्हणजे किती दिवस हे लिहिलेलं नाही, आणि पळवाट तिथेच सापडली. मला वाटतं, सही करणाऱ्यांना आकडा घालायची गरजच वाटली नसावी. समोरचा आपलाच माणूस आहे, त्याला आकडा काय मागायचा?

आमच्या वर्धा जिल्ह्यात गुढीपाडव्याला सालगडी, म्हणजे वर्षभराचा शेतमजूर, ठेवायची रीत होती. बोली तोंडीच व्हायची: इतके रुपये, इतकी ज्वारी, खाडे कापले जातील. एका वर्षी ऐन पेरणीत आमच्या गड्याचा पाय मोडला आणि तो दोन महिने खाटेवर होता. बोलीप्रमाणे साठ दिवसांचे पैसे कापता आले असते. आजोबांनी एकही खाडा लावला नाही, उलट पोळ्याला त्याच्या घरी नवे कपडे पोचवले. आजी म्हणाली, बोलीत तर हे नव्हतं. आजोबांचं उत्तर घरात अजून सांगतात: “बोलीत नव्हतं, पण त्यानं साल धरलं तेव्हा त्याच्या मनात होतं ना.”

१९५३ साली विदर्भाच्या मनात काय होतं? सरकार जवळ असावं, हेच. शेतकऱ्याला मंत्री भेटावा, सचिवाने कापसाचं शेत डोळ्यांनी बघावं, फाईल मुंबईला न जाता इथेच हलावी.

माझे बाबा शिक्षक होते. गावच्या पाटचारीचं, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणाऱ्या छोट्या पाटाचं, काम अर्धवट राहिलं होतं, त्यासाठी ते सलग तीन हिवाळे अधिवेशनात गेले. पहाटेची एसटी, पिशवीत अर्ज, सातबाराच्या प्रती आणि आईने बांधून दिलेली भाकरी. आत जायचा पास मिळेपर्यंत दुपार व्हायची. तिसऱ्या वर्षी एका कार्यालयात अर्ज घेतला गेला आणि प्रतीवर जांभळ्या शाईचा आवक शिक्का मिळाला. ती प्रत त्यांनी वहीत घडी न पडू देता घरी आणली. फेब्रुवारीत उत्तर आलं की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी मुंबईला पाठवला आहे.

बाबा एकटे नव्हते. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे येतात ते याच भाबड्या हिशोबाने, की सरकार दारात आलंय तर ऐकेल. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाची माणसं, बाया आणि लेकरं अशीच आली होती. कोणी मंत्री आपलं निवेदन घेईल म्हणून ती थांबून राहिली. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे. त्या पुलावरून जाताना मला अजूनही गाडीचा वेग कमी करावासा वाटतो.

निधीचंही तसंच झालं. १९५६ च्या घटनादुरुस्तीने न्याय्य वाटपाची गोष्ट कलम ३७१(२) मध्ये आली, पण ‘राज्याच्या एकूण गरजा लक्षात घेऊन’ या शब्दांसह. वाटपाचा अहवाल दरवर्षी सभागृहापुढे यावा असं करारात होतं. तो हिशोब मनापासून ठेवला गेला असता तर अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली नसती. समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी काढला, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. विभागांच्या समतोल विकासावर लक्ष ठेवायला वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली.

कोविडच्या दोन वर्षांत अधिवेशन नागपूरला झालं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण कोणालाही येते. २०२४ चं मात्र विसरवत नाही. १५ डिसेंबरला नागपुरातच मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ते २१ अधिवेशन चाललं आणि खातेवाटप २१ तारखेच्या रात्री जाहीर झालं. म्हणजे सरकार नागपुरात होतं ते सहा दिवस बहुतेक मंत्र्यांकडे खातंच नव्हतं. पाटचारीचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाने जायचं कोणाकडे? कराराचं एक अक्षर मोडलं नाही, आणि तरी त्या आठवड्यात करारातलं काही उरलं नव्हतं.

वेगळा विदर्भ हवा की नको, हा वाद मला या पोस्टखाली नको. मी संयुक्त महाराष्ट्र मानणारा माणूस आहे आणि म्हणूनच हे लागतं. ज्याला वेगळं व्हायचं आहे तो करार मोडल्याचा पुरावा गोळा करतो. मला तो करार पाळलेला हवा आहे.

माझं मागणं साधं आहे. अधिवेशन संपलं की दुसऱ्या दिवशी ट्रक भरू नका. महसूल, कृषी, जलसंपदा आणि आरोग्य या खात्यांचे मंत्री आणि सचिव आणखी तीन आठवडे इथेच थांबू द्या. एक दिवस गडचिरोलीला, एक दिवस मेळघाटात, एक दिवस यवतमाळला जाऊन बसा. अर्जावर शिक्का मारलात तर निर्णयाची सहीही इथेच करा. आपापल्या आमदाराला हे विचारा, पक्ष कुठलाही असो.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अधिवेशनाची तारीख पेपरात आली की चष्मा पुसत विचारतात, “अवंदा किती दिवस?” तो शिक्क्याचा कागद त्यांच्या पेटीत अजून आहे. पाटचारी मात्र आमच्या धुऱ्याच्या अलीकडे दोन शेतं येऊन थांबली आहे.