बिजवराचं प्रेम आणि आधीचे कागद

विधुर बाप, त्याची आईविना पोरं आणि तिशी ओलांडलेली अविवाहित बाई. इंग्लंडच्या रीजन्सी काळावरच्या (१८११ ते १८२०) प्रेमकथांचं हे हुकमी त्रिकूट. पोरांना बाईचा लळा लागतो, बाप विरघळतो आणि गोष्ट चर्चमध्ये संपते. तिकडे महाराष्ट्रात पन्नाशीतल्या बिजवराने लग्न ठरवलं की वाद रंगतो तोही असाच: मुलांसाठी करतोय की स्वतःसाठी, आणि या वयात हे काय? इकडे इंग्लंडात राहून दोन्हींकडे पाहताना वाटतं, वादाची जागाच चुकली आहे. आधी विचारावं, या लग्नात कोणाचं काय जातं?

रीजन्सीत बाईचं पुष्कळ जायचं. एकवीस वर्षांवरची कुमारिका स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवू शके, करार करू शके, कोर्टात जाऊ शके. लग्न लागलं की हे सगळं संपलं. समजा, तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत तिचे ४,००० पौंड आहेत. वर्षाचं व्याज १२० पौंड, म्हणजे काटकसरीने एकटीचं भागेल इतकं. लग्नानंतर ते व्याज नवऱ्याचं. रोखे त्याने आपल्या नावावर करून घेतले की मुद्दलही त्याचं. रोकड आणि सामानसुमान तर थेट त्याचंच. जमीन तिच्या संमतीशिवाय विकता येत नसे, पण खंड तो खाणार.

यावर तोड एकच: लग्नाआधी वकिलाकडून करून घेतलेलं करारपत्र. त्यात तिचा पैसा विश्वस्तांकडे ठेवायचा, व्याज फक्त तिला द्यायचं, वर्षाचा हातखर्च ठरवायचा आणि नवरा आधी गेला तर तिला दरसाल किती मिळेल तेही लिहायचं. जाणता वकील आणखी एक कलम घाली: लग्न टिकून आहे तोवर तिला स्वतःलाही मुद्दल विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. नवऱ्याने लाडीगोडी लावून सही घेऊ नये, म्हणून! विश्वस्त दोघेही नवऱ्याकडचे असले की घोळ. विधुराच्या घरी तर आणखी एक पेच असे. पहिल्या लग्नाच्या करारपत्राने इस्टेटीचा मोठा भाग आधीच्या मुलांच्या नावे बांधलेला, मग हिची दरसालची रक्कम काढायची कुठून? कादंबऱ्या नेमका हाच प्रसंग गाळतात. माझ्या मते नायकाचा खरा कस तिथे लागतो, नाचाच्या दालनात नाही.

आपल्याकडे अशा वेळी पहिलं नाव निघे मेहुणीचं: मावशीच आई होईल. इंग्लंडात चर्चच्या लेखी हे नातं निषिद्ध. त्या काळातली कादंबरीकार जेन ऑस्टिन हिचा धाकटा भाऊ, नौदलातला कॅप्टन चार्ल्स, १८१४ मध्ये विधुर झाला. त्याच्या मुली सांभाळल्या त्या मेहुणी हॅरिएट पामरने, आणि १८२० मध्ये त्याने तिच्याशीच लग्न केलं. दोघं हयात असेतो कोणीही चर्चच्या कोर्टात जाऊन ते रद्द करवू शकलं असतं. १८३५ च्या कायद्याने जुन्या लग्नांना अभय दिलं, पण नवी सरळ बेकायदा ठरवली. मेहुणीशी लग्नाला मोकळीक मिळायला १९०७ उजाडलं.

आज इकडे बाईचं काही जात नाही. जातं ते पहिल्या मुलांचं. इंग्लंड-वेल्समध्ये लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. नवं केलं नाही, तर घरसामान, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचं अर्धं नव्या जोडीदाराला. मुलांत वाटायचं ते बाकीचं अर्धं. भारतात हिंदूंचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही आणि ते नसेल तर पत्नी, प्रत्येक मुलगा-मुलगी आणि हयात आई यांना सारखा वाटा मिळतो. लंडनमध्ये घर आणि पुण्यात फ्लॅट असलेल्या बिजवराला त्यामुळे दोन्हीकडच्या वकिलांना भेटल्यावाचून सुटका नाही. इकडचं मृत्युपत्र लग्नाआधीच करता येतं, पण अमुक व्यक्तीशी लग्न होणार आहे आणि त्या लग्नाने हे रद्द होऊ नये, असं त्यात नावानिशी लिहावं लागतं. नुसतं ‘पुढे लग्न केलं तर’ म्हटलेलं चालत नाही.