वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे, मावशी

परवा मावशीनं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'बाळाचं पहिलं वर्ष : आजीचे सात नियम.' वर फुलांची नक्षी, खाली जोडलेले हात. असे रोज दहा येतात, मी उघडतही नाही. पण संध्याकाळी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला तेव्हा कळलं, की माझ्या सात महिन्यांच्या भाच्याची नुकतीच सुरू झालेली खिचडी दोन दिवसांपासून बंद आहे. "घट्ट देल्लं त गयात अटकते म्हन्ते. दात कुठी आले त्याले? डायीचं पानी देऊन राह्यली मी."

म्हणून हे लिहायला बसले.

फॉरवर्डचा पहिला नियम हाच : 'दात येईपर्यंत घट्ट अन्न देऊ नये, वरणाच्या पाण्यात आणि भाताच्या पेजेत सगळी ताकद असते.' ताकद कुठं असते हे बघायला डॉक्टर लागत नाही. तुरीचं वरण शिजवा, वाटीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. डाळ तळाशी बसते, वर पिवळसर पाणी राहतं. ते पाणी लेकराच्या वाटीत जातं आणि तळाची डाळ आपल्या ताटात. वर म्हणायचं, लेकरू अंग धरत नाही!

बाळाचं पोट केवढं? वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतील एवढं. आमचा गडी सात किलोचा, म्हणजे एका वेळी २०० ग्रॅमच्या आसपास. एक वाटी पाणी आत गेलं की तो तोंड फिरवतो. आजी म्हणते, पोट भरलं. भरलंच, पण पाण्यानं. त्यामुळं पुढच्या वेळी अंगावरही कमी पितो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी वरच्या खाण्यातून मिळायला हव्यात. त्यात लोहाचा प्रश्न वेगळाच. जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास आटत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. ते पेजेतून येणार कुठून?

राहिले दात. मऊ खिचडी हिरड्यांनीही चिरडते. बघायचं ते एवढंच, की बाळ मान धरतं का, टेकून बसतं का, चमच्यातलं जिभेनं बाहेर लोटणं कमी झालं का. घट्टपणा ओळखायची खूणही सोपी आहे : चमचा तिरपा करा. पटकन ओघळलं तर पातळ, जरा धरून राहिलं तर बरोबर. पातळ घाईघाईनं ओतल्यानंही ठसका लागतोच की.

हे माझ्या मनचं नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं खाणं सुरू आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त अंगावरचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत आहे. अंगणवाडीताईही तेच सांगतात, पण त्यांच्या सांगण्याखाली फुलांची नक्षी नसते ना!

'रोज मधाचं बोट चाटवा, बुद्धी वाढते.' हा नियम तर थेट धोक्याचा आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. मग शौच अडतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो, मान लुळी पडते, श्वासावरही बेततं. असं क्वचितच होतं, मान्य. पण ज्या बोटाचा फायदा शून्य, त्यासाठी एवढी जोखीम घ्यायची कशाला? मेळघाटातला असो की बाटलीतला, घरी उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. वर्षभर मध नाही. गुटीतही नाही.

'तेल-तुपानं लिव्हर बिघडतं' : उलट, एवढ्याशा वाटीत जास्त ताकद बसवायची तर चमचाभर तूप किंवा तेल हवंच. 'अंडं दोन वर्षं नको' : ज्यांच्या घरी चालतं त्यांनी सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवून, कुस्करून द्यावं. 'शेंगदाणे उष्ण पडतात' : उष्ण-बिष्ण काही नाही, पण अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो हे खरं. बारीक कूट करून खिचडीत घाला. 'वर्षभर मीठ-साखर नको' हा एक नियम मात्र मला मुकाट्यानं मान्य करावा लागतो. आणि 'बाजारचे डबे नकोत, पेज द्या' हाही, पण अर्धाच. डबा लागत नाही हे खरं, पण त्याच्या जागी पेज नाही, घरचं घट्ट अन्न.

घरचं म्हणजे काय, तर तीन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, चिमूटभर हळद आणि कोहळ्याची एक फोड. भरपूर पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. चमच्याच्या पाठीनं घोटा, वर तूप सोडा. मिक्सर नको, थोडं भरड राहिलं तरच तोंड चालवायला शिकतो. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा, मग भूक बघून वाढवत न्या. मधल्या वेळी पिकली पपई नाही तर केळं, काट्यानं चिरडून. आधी हात साबणानं धुवा, चारणाऱ्याचे आणि लेकराचेही.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती की चिडली होती, कळेना. मग म्हणाली, "तुमी बी त पेजेवरच वाढल्या नं!"

"नाही वाढलो, आई. धाकटीच्या वेळी मी बघत होते. तिला एकही दात नव्हता तेव्हा तू भाकर वरणात भिजवून, बोटानं मळून चारायचीस. पाणी नाही, डाळ. मला तळाशी काही उरायचंच नाही."

पलीकडे थोडा वेळ नुसता कुकरचा आवाज. मग, "मंग यालेबी भाकर कधी द्याव?"

"आजच दे की. ज्वारीचीच. नुसती वरची नको, तळाची डाळ घेऊन."