एक प्रार्थनेचा विषय आहे

कुणाच्या घरातली भानगड चारचौघांत काढायची असेल, तर "कळलं का गं?" अशी सुरुवात करू नका. ते जगातल्या लोकांचं झालं. आपण विश्वासणारे. आपण म्हणायचं, "एक प्रार्थनेचा विषय आहे."

रविवारी पाळकसाहेबांचा आशीर्वाद झाला, आमेन झालं, की चपला शोधता शोधता कामाला लागा. बायबल काखेत, आवाज खाली. "त्या वहिनी आहेत ना, नाव नाही घेत मी. मागून तिसऱ्या बाकावर बसतात बघा, निळ्या पर्सवाल्या. त्यांची मुलगी रात्री बारा बारा वाजता येते म्हणे. गाडीतून. मला काही बोलायचं नाही बाई, फक्त मनावर ओझं आलं." ओझं हा शब्द विसरू नका. ते लगेच दुसऱ्याच्या मनावर टाकता येतं आणि आपण हलके होतो. मंगळवारच्या कॉटेज मीटिंगपर्यंत, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेपर्यंत, त्या मुलीला दिवस गेलेले असतात. तसं आपण कुठे म्हणालो होतो? तेव्हा आपण निर्दोष.

(मुलगी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहे आणि सोडायला कंपनीची गाडी येते. वहिनींना विचारलं असतं तर कळलं असतं. पण मग प्रार्थना कशासाठी करायची?)

तोंडावर बोलायचं असेल तर वचनाचा आधार घ्या. इफिसकरांस पत्र 4:15, प्रीतीने सत्य बोला. म्हणून आधी "प्रेमाने सांगते हं" म्हणायचं आणि मग खुशाल विचारायचं, किती सुटलीस, लग्नाचं काय, नवरा अजून घरीच का. मात्र वाचता वाचता 29व्या वचनापर्यंत जाऊ नका. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कुजक्या बोलण्याबद्दल लिहितो. आपल्याकडच्या कुजकट बोलण्याची खबर त्याला कुणी दिली कोण जाणे.

घरात पोरांना हाक मारताना तेवढी काळजी घ्या. मत्तय 5:22 मध्ये प्रभूने दोन शब्दांना हरकत घेतली आहे. एक 'राका', म्हणजे अरामी भाषेत रिकाम्या डोक्याचा, आणि दुसरा 'मूर्ख'. बावळट, ठोंब्या, गधड्या, मठ्ठ, येडपट, नंदीबैल यांचा उल्लेख नाही. मराठीने आपली किती सोय केली आहे बघा! शेजारच्या पोराचे मार्क सांगून झाले की यातला कुठलाही वापरा आणि मग जेवणाआधी त्याच पोराला प्रार्थना करायला सांगा.

कुणी याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय काढेल. तोच तो, एवढीशी जीभ म्हणजे जहाजाचं सुकाणू, एवढीशी ठिणगी म्हणजे पेटलेलं रान, आणि एकाच तोंडातून स्तुती आणि शाप. अशा वेळी थेट धर्मसुधारक मार्टिन लुथर पुढे करा. 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने या पत्राला 'पेंढ्याचं पत्र' म्हटलं होतं. त्याचा वाद विश्वास आणि कर्म यांवरून होता, जिभेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण चर्चच्या फाटकात उभं राहून एवढं कोण विचारतो?

उरलं मत्तय 12:36. न्यायाच्या दिवशी प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल म्हणे. आपल्याला कसली भीती? आपला एकही शब्द व्यर्थ जात नाही. प्रत्येक नेमका लागतो.

पुढच्या रविवारी मागून तिसरा बाक रिकामा दिसेल. त्याच्या पुढच्या रविवारीही. गोंधळून जाऊ नका. उपासनेनंतरचा चहा बशीत ओता, एक फुंकर घाला आणि शेजारणीकडे जरा सरका. "वहिनी हल्ली दिसत नाहीत ना? विश्वासात थंड पडल्यात वाटतं. बाई, एक प्रार्थनेचा विषय आहे..."