नऊशे रुपयांत सुवर्णदुर्ग

गेल्या आठवड्यात गुरुवारी, इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका गल्लीतील फोटोच्या दुकानात, मी नऊशे रुपये मोजून सुवर्णदुर्ग गमावला. ते दुःख अजून ताजे असल्यामुळे या लेखात समतोल शोधू नये.

वडिलांची नव्वदी आली होती, म्हणून त्यांचा सर्वांत जुना फोटो नीट करून मोठा करून घ्यावा, एवढाच माझा बेत होता. हा फोटो 1939 सालचा, हर्णैच्या किनाऱ्यावर मुंबईच्या एका आतेभावाने बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला. आजोबा अनवाणी, पण डोक्यावर टोपी; आजी उन्हामुळे डोळे बारीक करून उभी; मध्ये तीन वर्षांचे वडील, अंगात झबले आणि मुठीत शिंपला; त्यांच्या मागे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्याहून मागे, पाण्यात, अंगठ्याच्या नखाएवढा सुवर्णदुर्ग. कोकणातल्या दमट हवेने आणि नंतर फ्रेमच्या काचेला चिकटून बसल्याने त्या फोटोचे पुष्कळ हाल झाले होते. कडांना चांदी वर आल्यासारखी निळसर चकाकी आली होती आणि मधोमध बुरशीचे ठिपके होते.

दुकानदाराने फोटो काउंटरवर ठेवताच बाकावर पोहे खात बसलेले एक काका उठून त्यावर वाकले. पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी ते स्वतःचा फोटो काढायला आले होते. तो निघून वीस मिनिटे झाली होती, तरी ते गेले नव्हते, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.

"महेश्वर," काका म्हणाले.

"नाही हो, हर्णै. कोकणातलं."

"घाट दिसतोय ना मागे. अहिल्याबाईंचा."

"तो समुद्रातला किल्ला आहे, काका."

"समुद्रात किल्ला कोण बांधेल? आणि समुद्र आहे तर लाटा कुठे आहेत? मी दोनदा मुंबईला जाऊन आलोय. जुहूला गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो होतो. समुद्र असा गप्प बसत नाही. ही नर्मदाच."

मी दुकानदाराकडे आशेने पाहिले. तो फोनमध्ये होता. काकांनी आता चष्मा काढून डोळा फोटोला जवळजवळ टेकवला.

"हे एवढे मोजे कुणाचे?"

"मोजे नाहीत, बोंबील आहेत. मासे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, तेव्हा खायला आधीच वाळवून ठेवतात."

"मासे असे रांगेत लटकतात थोडेच? जवळ शाळा असेल, वसतिगृहाची. मोजेच आहेत ते." हे सांगताना त्यांनी पोह्यांचे तेल आणि जीरावन मसाला लागलेले बोट नेमके सुवर्णदुर्गावर टेकवले.

मी रुमालाने ते हलकेच टिपले, पण पिवळट वर्तुळ राहिलेच. त्यांना मी काही बोललो नाही. इंदुरात वडीलधाऱ्या माणसाच्या हाती पोह्यांची प्लेट असताना भांडण काढणे अवघड असते. शिवाय मला वडिलांचा त्या किल्ल्याशी असलेला जिव्हाळा त्या गल्लीत उभा राहून सांगायचा नव्हता. आजोबा नोकरीसाठी इंदूरला निघाले, तेव्हा हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे. पाच वर्षांचे वडील एका खलाशाच्या खांद्यावर बसून पडावात चढले. गाव दिसेनासे झाल्यावरही किल्ला बराच वेळ दिसत होता, असे ते सांगतात; दर वेळी तितक्याच शब्दांत सांगतात.

गुरुवारी पाकीट उघडले. आजोबांना बूट आले होते. आजीचे डोळे टपोरे उघडले होते, आणि ते तिचे नव्हते. बोंबलांना पांढराशुभ्र रंग दिला होता, शाळेच्या मोज्यांचा असतो तसा. मागे मात्र निळे पाणी आणि निळे आकाश, मध्ये काही नाही.

"अंकल, पीछे पानी में एक दाग़ था, वो निकाल दिया। उसका अलग से कुछ नहीं लिया।"

तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घ्यायला 1755 साली इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सला लढाऊ जहाजे आणि तोफा लागल्या होत्या. तो मेल्यावर त्याच्या बायकोने या पराक्रमाची आठवण म्हणून 1784 साली लंडनमध्ये एक मनोरा बांधला, त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले, आणि 'सेव्हर्नड्रूग' असे मोडके का होईना, ते नाव अजून तिथे टिकून आहे. इथे तोच किल्ला माउसच्या एका टिचकीने गेला, आणि तोही फुकट. नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी बांधकाम खात्याची नोकरी करता करता ज्या शहरात कॅमेरा हाती धरला आणि ज्यांना दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी आश्रय दिला, त्याच शहरात ही कारागिरी चालते.

एवढ्यावर थांबले असते तर मी हसून सोडले असते. पण मूळ फोटो मागितला, तर तो 'सेफ राहावा' म्हणून लॅमिनेट करून दिलेला होता. गरम रोलरखालून गेलेला, कडा प्लास्टिकच्या पाकिटाच्या मापात कापलेल्या, आजोबांच्या पेन्सिलीतली पाठीवरची तारीख अर्धी, आणि काकांचे बोट प्लास्टिकखाली कायमचे. हे आता कुणालाही सोडवता येणार नाही. मी विचारले, कुणी सांगितले होते? तो म्हणाला, सगळ्यांचेच करतो.

किल्ला परत टाकून द्या, एवढेच मी म्हणू शकलो. सोमवारी या, दोनशे रुपये जास्तीचे लागतील, असे त्याने सांगितले.

सोमवारी गेलो. किल्ला आला होता. खाली पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, वर कमानी, काठाला रंगीत छताच्या दोन नावा. बाकावर काका होतेच, या वेळी जिलबीसह. त्यांनी वाकून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"बघा," ते म्हणाले, "आता कसं, घाट स्पष्ट दिसतोय."