हेवी लायसनचे पेढे

आज संध्याकाळी गल्लीतला एक पोरगा पेढे घेऊन आला. हेवी लायसन आलं म्हणाला. मी पेढा घेतला, पाठीवर थाप मारली आणि सहज विचारलं, "किती चालवलास रे ट्रक?"

"ग्राऊंडवर चार-पाच राऊंड मारले की काका. रोडवर एकदा, बायपासपर्यंत."

"लोड होता का?"

"नाय, रिकामाच."

"आणि घाट?"

नुसता हसला. वर म्हणतो, "सोमवारपासून चिपळूण लाईनला जातोय. बदली ड्रायव्हर पाहिजे होता एका मालकाला."

चिपळूण लाईन म्हणजे कुंभार्ली घाट. पावसाळा तोंडावर. मागं पंधरा-वीस टन माल. आणि पोरानं आयुष्यात भरलेली गाडी कधी चालवलेली नाही! बरं, पोराला मी काय बोलणार? आईनं बचत गटाचं कर्ज काढून क्लासची फी भरलीय. घरात सगळे खुश. मी पेढा खाल्ला आणि आता इथं येऊन चडफडतोय.

कुणी म्हणेल कायदाच ढिला आहे. अजिबात नाही. कागदावर सगळं चोख आहे. आधी कार-जीपचं लायसन काढायचं, ते हातात येऊन वर्ष झालं पाहिजे. वय वीस पूर्ण पाहिजे. डॉक्टरकडून तब्येतीचा फॉर्म १ए भरून आणायचा. मग शिकाऊ लायसन, त्यानंतर तीस दिवस थांबायचं आणि टेस्ट द्यायची. कार कशी, बापानं माळावर शिकवली तरी चालते. ट्रक-बसला ते चालत नाही, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा शिकवल्याचा दाखला, फॉर्म ५, लागतोच. आणि त्या स्कूलनं काय करायचं तेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहून ठेवलंय: कमीत कमी तीस दिवस शिकवायचं, त्यात पंधरा तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायची. त्यासाठी फॉर्म १५ नावाचं रजिस्टर असतं. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही.

पोराला विचारलं, रजिस्टर बघितलंस का? "हो, एकाच दिवशी बसून सगळ्या सह्या केल्या."

घ्या. झाले पंधरा तास.

विहिरीच्या काठावर पालथं पडून हातपाय हलवले आणि पोहता येतंय असा दाखला मिळाला, तसलं हे काम. फरक एवढाच की इथं बुडणारा एकटा बुडत नाही.

आता माझ्या मामांचं सांगतो. जुन्या मंडळींनी हा किस्सा ऐकलाय, तरी पुन्हा ऐका. मामांचा दहा टायरचा ट्रक होता. कराडहून साखरेची पोती भरून चिपळूणला जायचे. मी कॉलेजला असताना एका जुलैत त्यांच्याबरोबर गेलो. पाऊस असा की वायपर नावालाच. हेळवाक सोडलं आणि घाट लागायच्या आधी मामांनी गाडी बाजूला घेतली. क्लीनर खाली उतरला, लोखंडी टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत आला. मामांनी स्वतः रस्सा ओढून बघितला, ताडपत्री बघितली. मग वर येऊन इंजिन चालू करून नुसते बसून राहिले. मी विचारलं, "मामा, काय झालं?" तर म्हणाले, "हवा भरू दे." एअर ब्रेकची हवा, ब्रेक तिच्याच दाबावर चालतो. काटा पुरता वर आल्याशिवाय त्यांनी गाडी हलवली नाही.

मग दुसऱ्या गिअरमध्ये सगळा घाट उतरले. सगळा! मागं जीपवाले, एसटीवाले हॉर्न मारून मारून दमले. रुंद वळण आलं की मामा डावीकडं दबून त्यांना जाऊ द्यायचे. एकानं खिडकीतून आईवरून शिवी घातली. मामांनी हात वर करून त्याला नमस्कार केला. दोन तासांनी पोफळीला खाली उतरलो, चहा प्यायलो.

काही झालं नाही. हाच किस्सा आहे. त्या रात्री काहीही झालं नाही.

हे "काहीही न होणं" कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं असतं सांगा. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही, सारखा ब्रेक मारत राहिलं की हवा संपते, गाडी बंद केली की हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद आणि स्टेअरिंग दगड. थिअरीच्या पुस्तकात हे असेलही, पण ते पायाला कळावं लागतं. पायाला कळायला तिथं बसावं लागतं.

पुण्याची मंडळी नवले पूल रोज बघतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत सरळ उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं तिथं डझनावारी गाड्या ठोकरल्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. कशाला? डिझेल वाचवायला. आणि डिझेल कुणासाठी वाचवायचं? ॲव्हरेज कमी पडलं तर ड्रायव्हरच्या पगारातून कापणारे मालक आहेत की नाहीत, तुम्हीच सांगा. आपण मात्र दुसऱ्या दिवशी पोस्ट टाकतो, "या ट्रकवाल्यांना फाशी द्या."

आमचा क्लीनर त्या वेळी माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याला कुठल्या स्कूलनं शिकवलं? पहिली काही वर्षं गाडी धुणं, टायर ठोकणं, रिव्हर्स घेताना मागं उभं राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडणं, एवढंच. मग मोकळी गाडी परत येताना, पहाटे, पाटणच्या अलीकडं रस्ता सुना असला की मामा त्याला स्टेअरिंग द्यायचे. आणि झोपायचे नाहीत बरं का! रात्रभर जागलेला माणूस, पण पोराच्या हातात गाडी असताना डोळा मिटायचा नाही. मिरर बघ, डावीकडचं बघ, लांब गाडीचं शेपूट वळणावर कुठं जातंय ते बघ. त्याला भरलेली गाडी मिळायला आणखी लई दिवस गेले. पुढं तो एसटीत लागला. एसटीच्या जाहिरातीत जड वाहन चालवल्याचा साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, मग ट्रॅकवर टेस्ट, मग महामंडळाचं स्वतःचं ट्रेनिंग. म्हणजे सरकारी महामंडळालाही माहीत आहे की नुसत्या हेवी लायसनला ड्रायव्हर म्हणत नाहीत. तुमची-आमची पोरंबाळं ज्या लाल गाडीतून जातात तिला हा नियम, आणि तिच्या शेजारून वीस टन घेऊन जाणाऱ्याला चार राऊंड?

मला म्हणायचंय ते एवढंच की क्लीनरची सीट गेली आणि तिच्या जागी काहीही आलं नाही. मालकाला दुसऱ्या माणसाचा पगार-भत्ता परवडत नाही, म्हणून लांबच्या लाईनलाही ड्रायव्हर एकटा. टायर त्यानंच ठोकायचे, रस्सा त्यानंच आवळायचा, रिव्हर्स घेताना मागं देवच उभा.

हो, क्लीनरकी काही स्वर्ग नव्हता. बारा-तेरा वर्षांची पोरं असायची, वस्तादाच्या शिव्या खायची, मारही खायची, पगार तर नसायचाच. ते बंद झालं ते बरंच झालं. मान्य. पण बंद करताना त्यातलं शिकवणं कुठं ठेवायचं याचा विचार कुणी केला?

आता कमेंटमध्ये कुणी तरी येणारच, की सरकारनं केलाय विचार. २०२१ पासून अधिकृत चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आहे. दोन एकर जागा, सिम्युलेटर, ट्रॅक, जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास, आणि तिथं पास झालं की आरटीओच्या टेस्टची गरज नाही. छान आहे. पुण्यात भोसरीला आयडीटीआर या ड्रायव्हिंग ट्रेनिंग संस्थेचा ट्रॅक आहे, तिथं कारच्या टेस्टला भलेभले नापास होतात, तेही चांगलंच आहे. पण आमच्या गल्लीतल्या पोरानं सहा आठवडे काम सोडून, राहायची सोय बघून, एवढी फी भरून तिकडं जायचं कसं? त्याला नाक्यावरचं स्कूल जवळचं. तिथं फी कमी, सह्या जास्त.

त्यातही ट्रकचंच सांगतोय मी. बसला आणखी वेगळं. प्रवासी गाडीला बॅज लागतो, त्यासाठी पोलीस पडताळणी होते. पेट्रोल-ॲसिडच्या टँकरला वेगळं ट्रेनिंग, लायसनवर वेगळी नोंद. सगळ्याची सोय आहे, सगळ्याचा कागद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस माणसांत घुसली, तेव्हा महिनाभर चॅनेलवाले विचारत होते, चालकाला या नव्या गाडीचं ट्रेनिंग किती दिलं होतं? जन्मभर क्लच-गिअरवर पाय बसलेल्या माणसाला बिनक्लचची गाडी दिली तर किती दिवस शेजारी कुणी बसवायला पाहिजे? मग चॅनेलवाले दुसऱ्या विषयाकडं गेले. मीही गेलो, तुम्हीही गेलात.

आणि एक गोष्ट मला डोक्यात जाते. शाळेत पोरगं गणितात नापास झालं की मास्तर म्हणणार, "ट्रक चालवायला जा." स्थळ आलं की, "ड्रायव्हर आहे हो मुलगा", आणि पुढं सुस्कारा. माझ्या मामांना चौथीच्या पुढं शाळा नव्हती. पण गाडीत किती वजन कुठं टाकलं की कुठला टायर बोलेल, हे ते नुसतं गाडीच्या बसण्यावरून सांगायचे. त्याला हिशेब म्हणत नाहीत का? २०१९ मध्ये लायसनसाठीची आठवी पासची अट काढली तेव्हा इथंच काही शहाण्यांनी "आता अडाणी लोक ट्रक चालवणार" म्हणून लिहिलं होतं. अरे बाबांनो, अट काढली ती बरोबरच केली. आठवी पास झाल्यानं घाट उतरता येत नाही. खरी अट होती ती पंधरा तासांची, आणि ती पाळली जाते का हे कुणी विचारत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हेच ड्रायव्हर दोन दिवस घरी बसले तर आपल्या सगळ्यांच्या गाड्या पेट्रोल पंपावर रांगेत होत्या, आठवतंय? अपघातात माणूस मेला आणि पोलिसांना न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत कैद, त्या कलमावरून. मला ते कलम तत्त्वानं चूक वाटत नाही, पळून जाणं वाईटच. पण थांबला तर जमाव काय करतो हेही आपल्याला माहीत आहे. जुलैत नवा फौजदारी कायदा लागू झाला तेव्हा ते कलम तेवढं बाजूला ठेवलं. मला त्यातलं एकच कळत नाही. अपघातानंतर दहा वर्षं आत टाकायची तयारी, आणि अपघाताआधी पंधरा तास गाडी शिकवायची तयारी नाही?

बरं, जरा थंड होतो. बायको म्हणतेय किती वेळ बडवताय तो फोन.

चांगलंही चाललंय थोडं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय. मे महिन्यात इंजिनच्या शेजारी बसून सोलापूर रोडनं गेलेल्या माणसाला विचारा एसी म्हणजे काय ते. मोटार कामगारांना दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, हा नियम तर १९६१ च्या कायद्यातच होता. मामांना मी एकदा ते वाचून दाखवलं होतं. ते इतके हसले की ठसका लागला. "कुठल्या गावचा कायदा?" म्हणाले.

तर त्या पोराचं. पेढ्याचा बॉक्स ठेवून निघाला होता, मी परत बोलावलं. मामांचं सांगितलं. हवेचं सांगितलं, गिअरचं सांगितलं. त्याला यातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. पण ऐकत होता मन लावून, मोबाईल खिशात ठेवून. मग म्हणाला, "काका, मालक म्हणतोय सोमवारी आला नाहीस तर दुसरा बघतो." भीती त्यालाही वाटतेय, नाही असं नाही. फक्त पेढे वाटून झाल्यावर बोलायची कशी?

म्हणून ही पोस्ट. कराड-चिपळूण किंवा कराड-रत्नागिरी लाईनवर कुणाच्या ओळखीचा नीट मालक किंवा जुना ड्रायव्हर असेल, जो या पोराला पावसाळा संपेपर्यंत शेजारच्या सीटवर बसवेल आणि परतीला मोकळी गाडी हातात देईल, तर मला इनबॉक्स करा. पगार अर्धा दिला तरी चालेल, मी त्याच्या आईशी बोलतो. वय एकवीस, दारू नाही, गुटखा आहे थोडा, तो सोडायला लावतो. सोमवारच्या आत कळवा.