‘अहवाल येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो’: सिक्वेन्सिंगवरच्या मेसेजला उत्तर

साथीच्या बातम्या सुरू झाल्या की एक जुना मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरायला लागतो. या आठवड्यात तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं असं: जिनोम सिक्वेन्सिंगचा (विषाणू किंवा जिवाणूचा सगळा जनुकीय मजकूर अक्षर-अक्षर वाचण्याचा) अहवाल येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो, पीसीआर (जंतू आहे की नाही ते सांगणारी चाचणी) असताना याची गरज नाही, उपचार तर तेच राहतात, आणि प्रयोगशाळा नवनवे व्हेरिएंट ‘काढून’ लोकांना घाबरवतात. मी पुण्यात हेच काम करते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

उशीर होतो, हे खरं आहे. नमुना बर्फाच्या डब्यातून येतो. त्यातला आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागा, वेगळा काढायचा, त्याचा डीएनए करायचा, प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना ओळखीचा वेगळा बारकोड जोडायचा, मग मशीन. विषाणू कमी असेल, सीटी व्हॅल्यू (पीसीआरमधला आकडा; विषाणू जितका कमी तितका तो मोठा) तिशीपलीकडे गेली असेल, तर क्रमात भोकं राहतात. मशीन भरण्याइतके नमुने जमेपर्यंतही दिवस जातात. पण हा अहवाल त्या एका रुग्णाच्या खाटेपाशी लावायचा नसतोच. पुढच्या हजार जणांसाठी काय तयारी ठेवायची, हे त्यावरून ठरतं. कोरोनाच्या ओमायक्रॉन व्हेरिएंटला २६ नोव्हेंबर २०२१ला नाव मिळालं आणि ५ डिसेंबरला पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातले रुग्ण सिक्वेन्सिंगवरून जाहीरही झाले. उलट उदाहरण डेल्टा व्हेरिएंटचं. त्याच्या घराण्याचा माग ऑक्टोबर २०२०च्या नमुन्यांपर्यंत लागतो. देशातल्या प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळं उभं राहिलं डिसेंबर २०२०मध्ये. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत या घराण्यातले दोन जनुकीय बदल एकत्र दिसत असल्याचं केंद्राने सांगितलं २४ मार्च २०२१ला, तोवर दुसरी लाट अंगावर आली होती. त्या महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. सिक्वेन्सिंग आधीपासून आणि भरपूर होत असतं, तर निदान इशारा तरी लवकर मिळाला असता.

दुसरा मुद्दा पीसीआरचा. मुळात कोरोनाची पीसीआर चाचणी इतक्या झटपट आली ती जानेवारी २०२०मध्ये त्याचा पूर्ण जिनोम सगळ्यांसाठी खुला झाला म्हणून. जवळजवळ ३० हजार अक्षरांपैकी पीसीआर दोन-तीन छोटे तुकडे शोधते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते.

एवढं पुरेसं का नाही, ते सिंहगड रस्त्यावरच्या माणसाला लगेच कळेल. जानेवारी २०२५मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच नसांवर उलटते. बोट विहिरीच्या पाण्याकडे दाखवायचं की कोंबडीकडे, यावर घरोघरी वाद झाले. हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात सर्रास असतो. समजा रुग्णात, पाण्यात आणि चिकनच्या दुकानात, तिन्ही ठिकाणी पीसीआर पॉझिटिव्ह आली. मग दोष कोणाचा? इथे जिनोमच लागतो. सुमारे १६ लाख अक्षरांत दोन नमुन्यांमध्ये मोजक्याच अक्षरांचा फरक असेल, तर ते बहुधा एकाच उगमाचे. फरक हजारोंचा असेल, तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाइपलाइन खणायची की दुकानं बंद करायची, हा लाखो रुपयांचा आणि कित्येकांच्या पोटापाण्याचा निर्णय आहे.

‘उपचार तेच राहतात’ हे सर्दीपुरतं ठीक. क्षयरोगात जिवाणूच्या आरपीओबी जनुकातल्या बदलांवरून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालणार की नाही, हे कळतं, आणि ते चालणार नसेल तर औषधांचा सगळा संचच बदलतो. डेल्टावर चालणारी काही अँटिबॉडी औषधं ओमायक्रॉनवर निकामी ठरली. फ्लूची लस जवळजवळ दरवर्षी बदलते तीही विषाणूत काय बदललं ते पाहूनच, आणि त्या जागतिक पाहणीत पुण्याच्या ‘एनआयव्ही’चाही (राष्ट्रीय विषाणू संस्थेचाही) वाटा आहे.

राहिला ‘काढलेल्या’ व्हेरिएंटचा आरोप. हा मला सर्वांत जास्त लागतो. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. आम्ही त्या वाचतो, एवढंच. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ला ओमायक्रॉनची खबर दिली आणि काही दिवसांत जगाने त्यांचीच विमानं बंद केली. खबर देणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर पुढची खबर कोण देईल?

टीका करायचीच असेल, तर नमुन्यासोबतच्या माहितीवर करा. परवाच्या डब्यात अकरा नळ्यांवर पत्त्याच्या जागी नुसतं ‘पुणे’ होतं. धायरी की मुंढवा, काही पत्ता नाही. दोघी जणी दुपारभर फोन करत बसलो. सात नळ्यांचा पत्ता लागला, चार तशाच राहिल्या. त्या चारही वाचल्या, क्रम स्वच्छ आला, पण नकाशावर ठेवायला जागा नव्हती.