‘शक्ती कायदा लागू आहे’ हे खरं नाही

‘महाराष्ट्रात शक्ती कायदा लागू, बलात्काऱ्याला 21 दिवसांत फाशी’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

महिला आणि बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. मात्र ते केंद्रीय फौजदारी कायद्यांत बदल करणारं असल्याने राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळाली नाही. शिवाय ज्या भारतीय दंड संहितेत दुरुस्ती सुचवली होती, तिची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली.

21 दिवस आले आंध्र प्रदेशच्या 2019 च्या दिशा विधेयकातून: 7 दिवस तपास, 14 दिवस खटला. आपल्या विधेयकात तपासालाच 30 दिवस होते. पीडितेच्या घरच्यांना असली खोटी आशा दाखवू नका. मेसेज आला तर तिथेच खोडून काढा.